होमोजिनियस आणि हेटरोजिनियस कॅटॅलिसिस: फरक फक्त फेजचा आहे का?

प्रश्न असा आहे की पुस्तकात लिहिलेलं असतं, कॅटॅलिस्ट आणि रिॲक्टंट एकाच फेजमध्ये असले की होमोजिनियस आणि वेगळ्या फेजमध्ये असले की हेटरोजिनियस, मग फरक एवढाच का? आणि होमोजिनियस जास्त सिलेक्टिव्ह (म्हणजे हवा तोच प्रॉडक्ट देणारं) असतं असं सगळेच म्हणतात तर इंडस्ट्रीत बहुतेक ठिकाणी घन कॅटॅलिस्टच का दिसतो? शेवटी एक प्रॅक्टिकल प्रश्नही आहे, एस्टरिफिकेशनला (ॲसिड आणि अल्कोहोलपासून एस्टर बनवायला) सल्फ्युरिक ॲसिड घ्यावं की ॲसिड रेझिन (ॲसिड ग्रुप लावलेले प्लास्टिकचे दाणे). तिन्हीचं उत्तर देतो, जरा लांबेल.

व्याख्या बरोबर आहे, परीक्षेत तीच लिहा. पण प्रत्यक्ष काम करायला लागलं की लक्षात येतं की फेज ही नुसती बाहेरून दिसणारी खूण आहे. मला विचाराल तर दोनच गोष्टी बघायच्या. एक म्हणजे रिॲक्शन नेमकी कोणत्या साइटवर (कॅटॅलिस्टवरच्या जागेवर) होते आणि त्या सगळ्या साइट एकसारख्या आहेत का. दुसरी म्हणजे काम झाल्यावर कॅटॅलिस्ट बाहेर कसा काढणार. बाकी पुस्तकातल्या टेबलात जे दहा मुद्दे पाठ करायला लावतात ते जवळजवळ सगळे या दोनातूनच निघतात.

आधी सगळ्यात सोपं उदाहरण घेऊ, हायड्रोजन पेरॉक्साइडचं विघटन. यात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की आयोडाइड आयन पाण्यात विरघळलेला असतो, तो पेरॉक्साइडच्या एका रेणूकडून ऑक्सिजन घेऊन हायपोआयोडाइट होतो, मग ते हायपोआयोडाइट पेरॉक्साइडच्या दुसऱ्या रेणूशी भिडतं, ऑक्सिजन वायू सुटतो आणि आयोडाइड परत मोकळं. सगळं द्रावणात. आयोडाइडची काँसन्ट्रेशन दुप्पट केली की रेटही दुप्पट होतो, हिशोब सरळ. आता त्याच पेरॉक्साइडमध्ये मँगनीज डायऑक्साइडची काळी पावडर टाका. इथे किती ग्रॅम टाकलं यापेक्षा ती पावडर किती बारीक आहे याला जास्त महत्त्व, तेवढ्याच वजनाचा खडा टाकला तर बुडबुडे हळू येतात आणि कुटून टाकला तर भसाभस येतात, कारण आतले अणू काहीच करत नसतात, काम पृष्ठभागावरच्यांचं. म्हणजे एकीकडे रेट मोजायचा काँसन्ट्रेशनवर आणि दुसरीकडे उघड्या पृष्ठभागावर.

होमोजिनियसची खरी ताकद ही की कॅटॅलिस्ट हा एक ठरलेला रेणू असतो. त्याची रचना कागदावर काढता येते, एनएमआर घेता येतो, इन्फ्रारेड घेता येतो, कुठल्या पायरीला काय होतं ते धरता येतं. मोनसँटोची ॲसेटिक ॲसिडची प्रोसेस बघा, मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून ॲसेटिक ॲसिड, ऱ्होडियम आणि आयोडाइड वापरून, साधारण १५० ते २०० अंश सेल्सियसला. त्यात काम करणारा रेणू म्हणजे दोन कार्बोनिल आणि दोन आयोडाइड असलेला ऱ्होडियमचा ॲनायन, त्यावर मिथिल आयोडाइड येऊन बसतं ती सगळ्यात संथ पायरी, बाकी पायऱ्या झटपट. म्हणून रेट ऱ्होडियम आणि मिथिल आयोडाइड या दोनवरच अवलंबून, मिथेनॉल किंवा कार्बन मोनॉक्साइड वाढवून वेग वाढत नाही. हे एवढं नेमकं माहीत असलं की प्लांट चालवणाऱ्याला कळतं कुठला व्हॉल्व्ह फिरवून उपयोग आहे आणि कुठला उगाच. मिथेनॉलच्या हिशोबाने सिलेक्टिव्हिटी ९९ टक्क्यांच्या वर. पुढे १९९६ मध्ये ऱ्होडियमच्या जागी इरिडियम वापरणारी काटिव्हा प्रोसेस आली, ती कमी पाण्यात चालते, आणि पाणी कमी म्हणजे पुढे ते काढायला लागणारी उष्णता कमी.

दुसरी ताकद लिगँडची, म्हणजे धातूला जोडलेल्या रेणूंची किंवा आयनांची. धातू तोच ठेवायचा, भोवतीचे लिगँड बदलायचे आणि रिॲक्शन हवी तशी वळवायची. उजव्या आणि डाव्या हाताच्या रेणूंपैकी एकच हवा असेल तर हा मार्ग फार उपयोगी पडतो, विल्यम नोल्स यांनी पार्किन्सनवरच्या एल-डोपा या औषधासाठी ऱ्होडियमवर कायरल (एकाच हाताचं) फॉस्फिन, म्हणजे फॉस्फरसचा लिगँड, लावून असंच केलं होतं, त्या कामाला २००१ चं नोबेल मिळालं, सोबत नोयोरी आणि शार्पलेस होते. घन पृष्ठभागावर कायरॅलिटी आणायचे प्रयत्न झालेत, टार्टारिक ॲसिड लावलेलं निकेल वगैरे, पण ते मोजक्याच रिॲक्शनना जमतं.

आता हेटरोजिनियस. इथे रिॲक्टंटला आधी कॅटॅलिस्टच्या कणापर्यंत यावं लागतं, मग त्याच्या छिद्रांमधून आत शिरावं लागतं, मग पृष्ठभागावर ॲडसॉर्ब व्हायचं (चिकटायचं), तिथे रिॲक्शन, मग सुटायचं, परत छिद्रातून बाहेर, परत मोकळ्या प्रवाहात. मोजल्या तर सात पायऱ्या, त्यातली खरी केमिस्ट्री फक्त मधल्या तीनमध्ये, बाकीच्या चार नुसता प्रवास. आणि पृष्ठभाग म्हणजे काही सपाट एकसारखी जागा नसते, त्यावर सपाट भाग असतात, पायऱ्या असतात, कडा असतात, कोपरे असतात, आणि प्रत्येक ठिकाणच्या अणूला शेजारी वेगवेगळे, त्यामुळे प्रत्येकाची पकड वेगळी. अमोनियाच्या लोखंडी कॅटॅलिस्टवर गाबोर सोमोर्जाई यांच्या ग्रुपने लोखंडाचे वेगवेगळे क्रिस्टल फेस (स्फटिकाच्या बाजू) तपासले तेव्हा एक-एक-एक हा फेस एक-एक-शून्य या फेसपेक्षा चारशेपट जास्त वेगाने काम करताना दिसला. धातू तोच, वायू तेच, फक्त वरचे अणू कसे मांडलेत तेवढा फरक! एका भुकटीत असे सगळे फेस एकत्र असतात, त्यामुळे तुम्ही मोजता तो रेट म्हणजे शंभर प्रकारच्या साइटची सरासरी.

त्यामुळेच हेटरोजिनियसचा इतिहास आधी करून बघा, कारण नंतर शोधा असा आहे. अमोनिया बनवण्याच्या हाबर-बॉश प्रोसेसचा प्लांट १९१३ ला जर्मनीत ओप्पाऊला सुरू झाला, त्यासाठी आल्विन मिटाश यांनी हजारो नमुने चाचणी करून पोटॅशियम आणि ॲल्युमिनाचे प्रमोटर (मदतनीस पदार्थ) घातलेलं लोखंड शोधलं, पण नायट्रोजनचा बंध पृष्ठभागावर तुटणं हीच संथ पायरी आहे आणि ती कशी होते याचं पक्कं चित्र यायला गेरहार्ड एर्टल यांच्या कामापर्यंत, म्हणजे १९७० च्या दशकापर्यंत थांबावं लागलं. नोबेल २००७ मध्ये. तोपर्यंत कारखाने मजेत चालू होते.

एक मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो, तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल साबातिए यांचा. कॅटॅलिस्टने रिॲक्टंटला फार घट्ट धरलं तर प्रॉडक्ट सुटत नाही आणि फार सैल धरलं तर काही होतच नाही. चांगला कॅटॅलिस्ट मधला असतो. हे आधी घन धातूंसाठी मांडलं गेलं पण होमोजिनियसमध्येही हेच आहे, विल्किन्सनच्या कॅटॅलिस्टमध्ये (अल्कीनला हायड्रोजन जोडणारा) ऱ्होडियमवर तीन फॉस्फिन असतात आणि त्यातला एक सुटून जागा झाली तरच काम सुरू होतं, म्हणजे बाटलीतून तुम्ही जे टाकता ते आणि प्रत्यक्ष काम करतं ते वेगळं. वर मी ‘एक ठरलेला रेणू’ म्हटलं ते या अर्थाने थोडं जपून घ्या.

आता प्रवासाच्या पायऱ्यांचं बघू, कारण इथे नवीन माणसं हमखास फसतात. घन कॅटॅलिस्टवर तुम्ही रेट काढला, तापमान बदलून ॲक्टिव्हेशन एनर्जी (रिॲक्शन सुरू व्हायला लागणारी ऊर्जा) काढली आणि ती १०-१५ किलोज्यूल प्रति मोल आली, तर आनंद मानू नका, बहुतेक तुम्ही केमिस्ट्री मोजलेलीच नाही, रेणू कणापर्यंत किती वेगाने पोचतात ते मोजलंय. छिद्रांच्या आतलं डिफ्यूजन (रेणूंचं सरकणं) अडथळा करत असेल तर ॲक्टिव्हेशन एनर्जी खऱ्याच्या साधारण अर्धी दिसते. तपासायचं कसं, स्टररचा वेग वाढवून बघा, रेट वाढला तर बाहेरचं डिफ्यूजन आड येतंय. वेग वाढवून फरक पडेना तर कॅटॅलिस्ट बारीक करून बघा, रेट वाढला तर आतलं डिफ्यूजन. दोन्ही करूनही आकडा हलला नाही तरच पुढे कायनेटिक्सच्या गप्पा मारा. आणि होमोजिनियसमध्ये डिफ्यूजनचा प्रश्नच नसतो असं जे लिहिलेलं असतं तेही अर्धवट आहे हां, कॅटॅलिस्ट विरघळलेला असला तरी हायड्रोजन वायूतून द्रवात यायलाच हवा, आणि ढवळणं खराब असेल तर विल्किन्सनचा कॅटॅलिस्टसुद्धा हायड्रोजनची वाट बघत बसतो.

असाच घोळ टर्नओव्हर फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे एक साइट ठरावीक वेळात किती रेणू बदलते त्या आकड्याचा. होमोजिनियसमध्ये जेवढे मोल धातू टाकला तेवढ्या साइट धरून भागाकार करतात आणि ते बऱ्यापैकी चालतं. पॅलेडियम ऑन कार्बनला (कार्बनवर बसवलेले पॅलेडियमचे कण) तसं करून चालत नाही, कारण कण दोन नॅनोमीटरचे असतील तर निम्म्याच्या आसपास अणू पृष्ठभागावर असतात, दहा नॅनोमीटरचे असतील तर दहाएक टक्केच. कार्बन मोनॉक्साइड केमिसॉर्प्शनने (पृष्ठभागावरच्या अणूंना तो किती चिकटतो ते बघून) उघडे अणू मोजा आणि मग भागा. नाहीतर दोन कॅटॅलिस्टची तुलना करताना केमिस्ट्री बाजूला राहते आणि तुम्ही कणांच्या साइजची तुलना करत बसता.

तर मग इंडस्ट्री घनच का घेते. पहिलं कारण सेपरेशन. घन कॅटॅलिस्ट रिॲक्टरमध्ये भरून ठेवायचा, वरून फीड सोडायचं, खालून प्रॉडक्ट घ्यायचं, कॅटॅलिस्ट जागेवरच, काही प्रोसेसमध्ये वर्षानुवर्षं. विरघळलेला कॅटॅलिस्ट मात्र प्रॉडक्टसोबत बाहेर येतो आणि तो ऱ्होडियम असेल तर पीपीएममध्ये गेलेला धातूही परवडत नाही. औषधात तर पैशाचा प्रश्न नंतर, आधी मर्यादेचा, तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची परवानगी दिवसाला १०० मायक्रोग्रॅम एवढीच आहे, त्यामुळे सुंदर सुझुकी कपलिंग (पॅलेडियमने दोन कार्बन जोडणारी रिॲक्शन) करून झाल्यावर अर्धं डोकं पॅलेडियम काढण्यातच जातं.

दुसरं कारण तापमान. ऑर्गॅनोमेटॅलिक कॉम्प्लेक्स (धातू आणि लिगँड मिळून झालेला रेणू) साधारण २०० अंशांच्या पुढे टिकवणं अवघड, लिगँड तुटतात, धातू काळा होऊन तळाशी बसतो. नायट्रिक ॲसिडसाठी अमोनिया जाळतात तो प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या जाळीवर, ८५०-९०० अंशांना, वायू जाळीशी मिलिसेकंदाच्या आसपास राहतो, तिथे कुठला लिगँड टिकणार? रिफायनरीतल्या क्रॅकिंगमध्ये (मोठे रेणू तोडण्यात) झिओलाइटवर (बारीक छिद्रांच्या घनावर) काही सेकंदांत कोक (कार्बनचा थर) बसतो आणि तो ७०० अंशांच्या आसपास जाळून कॅटॅलिस्ट परत वापरतात, हे चक्र अखंड चालू. विरघळलेल्या रेणूला जाळून साफ करता येत नाही.

पण मग मोनसँटोला होमोजिनियस कसं परवडलं? कारण ॲसेटिक ॲसिड उकळून वर जातं आणि ऱ्होडियम खालच्या द्रवात राहून परत रिॲक्टरमध्ये जातं. माझं स्पष्ट मत आहे की होमोजिनियस प्रोसेस टिकणार की नाही हे बरेचदा सिलेक्टिव्हिटी ठरवत नाही, प्रॉडक्टचा उकळबिंदू ठरवतो. गंमत म्हणजे तिथेही एक खोच आहे, फ्लॅश टँकमध्ये (जिथे ॲसेटिक ॲसिड उकळून वेगळं होतं) दाब कमी केला की कार्बन मोनॉक्साइड कमी पडतो आणि ऱ्होडियम आयोडाइडचा गाळ होऊन खाली बसायला लागतो, म्हणजे होमोजिनियस कॅटॅलिस्टला स्वतःलाच घन व्हायची ओढ असते, म्हणून तिथे पाणी भरपूर ठेवावं लागायचं. हायड्रोफॉर्मिलेशनमध्ये (अल्कीनला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन जोडून अल्डिहाइड करण्यात) रुअरकेमी आणि रोन-पुलेंक या कंपन्यांनी १९८४ मध्ये वेगळीच युक्ती केली, फॉस्फिनवर सल्फोनेट ग्रुप लावून ऱ्होडियम पाण्यात विरघळणारं केलं, प्रोपीनपासून तयार झालेलं ब्युटिराल्डिहाइड तेलासारखं वर तरंगतं, पाण्याचा थर खालून परत वापरायचा. उकळायचीही गरज नाही. अडचण एवढीच की लांब साखळीचे अल्कीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत, त्यामुळे ही युक्ती छोट्या अल्कीनपुरती.

आणि ‘होमोजिनियस म्हणजे जास्त सिलेक्टिव्ह’ हे वाक्य सरसकट घेऊ नका. इथिलीनला थेट ऑक्सिजन देऊन इथिलीन ऑक्साइड करायचं तर जगभर ॲल्युमिनावरची चांदीच वापरतात, घन आहे आणि चांगल्या सिलेक्टिव्हिटीने चालते. झेडएसएम-५ झिओलाइटच्या छिद्रांमधून पॅरा-झायलीन सहज निसटतं आणि ऑर्थो, मेटा आत अडखळतात, म्हणून पॅरा जास्त मिळतं, ही सिलेक्टिव्हिटी छिद्राच्या मापाने येते, लिगँडने नाही. लिंडलार कॅटॅलिस्टमध्ये तर पॅलेडियमला मुद्दाम शिसं लावून आणि क्विनोलीन घालून त्याची ताकद मुद्दाम अर्धवट मारतात (पॉइझनिंग), म्हणजे अल्काइन अल्कीनवर थांबतं, पुढे अल्केनपर्यंत जात नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, जिथे टेबल कोलमडतं. पुस्तकात हेटरोजिनियसचं हुकमी उदाहरण म्हणून सल्फ्युरिक ॲसिड बनवण्याच्या काँटॅक्ट प्रोसेसमधलं व्हॅनेडियम पेंटॉक्साइड असतं. पण चालू रिॲक्टरमध्ये ते सिलिकाच्या छिद्रांमध्ये अल्कली पायरोसल्फेटच्या वितळलेल्या थरात विरघळलेलं असतं, आणि सल्फर डायऑक्साइडचं ऑक्सिडेशन त्या वितळलेल्या द्रवातच होतं. बाहेरून हातात घेतलं तर गोळ्या, आत बघितलं तर द्रावण. वायू आणि द्रव वेगळे फेज म्हणून व्याख्येप्रमाणे हेटरोजिनियसच, पण ‘घन पृष्ठभागावर ॲडसॉर्प्शन’ हे जे चित्र आपण काढतो ते इथे बसत नाही.

सुझुकी किंवा तशाच हेक रिॲक्शनमध्ये पॅलेडियम ऑन कार्बन टाकला की तो घन कॅटॅलिस्ट म्हणून काम करतो असं समजतात, पण बऱ्याचदा पॅलेडियम कणांमधून सुटून द्रावणात येतं, तिथे काम करतं आणि शेवटी परत कार्बनवर बसतं. फिल्टर केल्यावर द्रावणात पॅलेडियम सापडत नाही म्हणून पेपरमध्ये ‘हेटरोजिनियस’ लिहून मोकळे होतात. यासाठी हॉट फिल्ट्रेशन टेस्ट करायची, रिॲक्शन अर्धवट झाली असताना, त्याच तापमानाला गरम गरम फिल्टर करायचं आणि फिल्ट्रेट पुढे चालू ठेवायचं. रिॲक्शन पुढे सरकली तर काम द्रावणातलं कोणीतरी करतंय. गार करून फिल्टर केलं तर टेस्टला अर्थ नाही, कारण तोवर धातू परत बसलेला असतो. पाऱ्याचा थेंब टाकायची टेस्टही आहे, पारा धातूच्या कणांना मारतो पण सुट्या कॉम्प्लेक्सला नाही अशी कल्पना, मात्र काही कॉम्प्लेक्सही पाऱ्याशी रिॲक्ट होतात, त्यामुळे एकट्या पाऱ्यावर विसंबून निष्कर्ष काढलेला पेपर मी जरा साशंक मनानेच वाचतो.

उलटंही होतं. तुम्ही छान विरघळणारा कॉम्प्लेक्स टाकता, सुरुवातीला काहीच होत नाही, मग अचानक रेट चढतो आणि फ्लास्क काळपट दिसायला लागतो. असा एस आकाराचा ग्राफ दिसला की आधी संशय घ्यायचा की कॉम्प्लेक्स तुटून नॅनोकण झालेत आणि काम तेच करताहेत.

निसर्गातही दोन्ही एकमेकांत मिसळलेले सापडतात. ओझोनचा नाश करणारे क्लोरीनचे अणू वायूतच काम करतात, अगदी शुद्ध होमोजिनियस, मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखवलेलं हेच. पण अंटार्क्टिकावर भोक पडतं त्याला हेटरोजिनियस पायरी लागते, हिवाळ्यात तिथल्या स्ट्रॅटोस्फिअरमधल्या ढगांच्या बर्फाळ कणांवर क्लोरीन नायट्रेट आणि हायड्रोजन क्लोराइड भेटून क्लोरीन वायू सुटतो, वसंतात ऊन आलं की तो फुटून अणू होतात. एकाशिवाय दुसऱ्याने एवढं नुकसान केलं नसतं.

एंझाइम विरघळलेलं असेल तर तांत्रिकदृष्ट्या होमोजिनियस, आधारावर बसवलं तर हेटरोजिनियस, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. सिंगल ॲटम कॅटॅलिस्टवर मात्र लक्ष ठेवा, २०११ मध्ये आयर्न ऑक्साइडवर प्लॅटिनमचे सुटे अणू बसवून कार्बन मोनॉक्साइडचं ऑक्सिडेशन दाखवलं गेलं आणि तेव्हापासून हे फील्ड जोरात आहे. घनाचं सेपरेशन आणि रेणूसारख्या एकसारख्या साइट, दोन्ही एकत्र मिळवायची ही धडपड. तापवलं की अणू सरकून गोळा होतात ही जुनी डोकेदुखी तिथेही आहेच.

जाता जाता, पॅलेडियम ऑन कार्बन किंवा रेने निकेल (स्पंजासारखं सच्छिद्र निकेल) फिल्टर करताना केक (गाळणीवर उरलेला थर) कधीही कोरडा होऊ देऊ नका. हायड्रोजन शोषलेला असतो, हवा लागली की पेट घेतो, आणि खाली मिथेनॉल असतं.

आता एस्टरिफिकेशन. आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, सल्फ्युरिक ॲसिड घ्या नाहीतर रेझिन, इक्विलिब्रियम जिथे आहे तिथेच राहणार, कॅटॅलिस्ट फक्त तिथे लवकर पोचवतो. यील्ड वाढवायचं तर पाणी काढा किंवा अल्कोहोल जास्त घ्या. सल्फ्युरिक ॲसिड स्वस्त, थोडंसं टाकलं तरी वेग चांगला, पण शेवटी न्यूट्रलाइज करावं लागतं, क्षार आणि सांडपाणी होतं, भांडं गंजतं, तापमान जास्त झालं की माल काळपट पडतो. अँबरलिस्ट-१५ सारखं सल्फोनिक रेझिन गाळलं की संपलं, कॉलममध्ये भरून कंटिन्युअस चालवता येतं, पण ते १२० अंशांच्या वर नेऊ नका, सल्फोनिक ग्रुप सुटायला लागतात. पाणी साचलं की सल्फोनिक साइटवर तेच बसतं आणि वेग मंदावतो, आणि फीडमध्ये सोडियम-कॅल्शियम असेल तर ते प्रोटॉनची जागा घेऊन रेझिन हळूहळू मारतात. लॅबमध्ये एकदाच करायचं असेल आणि तुमचा रेणू ॲसिड सोसणारा असेल तर सल्फ्युरिक ॲसिड घ्या, उगाच रेझिनच्या भानगडीत पडू नका. तीच बॅच पुन्हापुन्हा करायची असेल किंवा प्रॉडक्ट नाजूक असेल तर रेझिन घ्या, वापरायच्या आधी मिथेनॉलने धुवा म्हणजे सुटं ॲसिड निघून जाईल, आणि पहिल्या बॅचलाच वर सांगितलेली हॉट फिल्ट्रेशन टेस्ट करा. गाळलेलं द्रावण रेझिनशिवायही वेगाने पुढे जात असेल तर तुम्ही पैसे रेझिनचे मोजताय आणि काम विरघळलेलं ॲसिड करतंय.